मालमत्ता क्रमांक ३१२

मुचळगीच्या पंचायतीत मी शिपाई.
सायकल स्वतःची, पंक्चर स्वतःच्या खर्चानं.
जुन्या काळी माझ्यासारख्याला वकील म्हणत,
त्याला घोडा असे,
आणि पोचल्यावर विडा.

पंचायत ओढ्याच्या अलीकडं, मठ पलीकडं.
हा जत तालुका, ओढ्यात पाणी नसतं,
पण पूल आहे.
पूल संपला की आमचे ठराव संपतात.

अकरा वर्षं मी तिकडं एकच कागद नेला :
पाणीपट्टी, थकबाकी, मालमत्ता क्र. ३१२.
अकरा वर्षं एकच उत्तर आणलं :
चि. ग्रामपंचायत मुचळगीस अनेक आशीर्वाद.
आशीर्वाद कीर्दीत कुठल्या बाजूला लिहावा
हे भाऊसाहेबांना कळेना.
ते शेरा मारायचे, ‘नोंद घेतली’.

भांडणाचं मूळ कुणी कूपनलिकेत सांगतं,
मला विचाराल तर खुर्चीत होतं.
एका झेंडावंदनाला महास्वामींना प्लॅस्टिकची दिली,
सभापतींना गादीची.
पुढच्या साली पालखी ऑफिससमोर थांबली नाही,
त्याच्या पुढच्या साली
मठाच्या वळणावरचा बल्ब गेला
तो आम्ही बदलला नाही.
बजेट होतं.

मग रत्नमाला ऐवळे सरपंच झाल्या.
त्यांचा बाप पालखीपुढं हलगी वाजवायचा
थेट मठाच्या दारापर्यंत.
दारापर्यंतच.

त्यांनी ठराव मांडला, बोलणी सुरू करावीत.
चार हात वर, चार खाली.
नववे गुरुबसू बिराजदार,
त्यांनी हात वर केला
तो ठरावाला की पंख्याच्या बटणाकडं
हे कुणी विचारलं नाही.
मंजूर.

मायना लिहायलाच दोन संध्याकाळी गेल्या.
‘परमपूज्य’ लिहावं तर आपण खाली,
‘महोदय’ लिहावं तर ते.
शेवटी बाईंनी सांगितलं, असं लिहा :
महास्वामी, मालमत्ता क्र. ३१२, यांस सप्रेम.

पाच खेपा झाल्या माझ्या.
कोण कुणाकडं, कुठल्या दारानं,
चपला कुठं, कोण आधी बोलणार.
मी चिठ्ठ्या वाचत नाही.
पुलावर दम खायला थांबतो तेवढा,
आणि पाकीट उन्हाकडं धरतो.

सोमवारी सकाळी आम्ही गेलो.
बाई दारापर्यंत आल्या
आणि थांबल्या.
मीही थांबलो, वकिलानं पुढं जायचं नसतं.
आतून खडावांचा आवाज आला, हळू,
मोतीबिंदू झालेला म्हातारा माणूस
भिंतीला हात लावत स्वतः चालत आला.
‘बर्री,’ म्हणाला. ‘कूडरी.’
घोंगडं एकच होतं, दोघं त्याच्यावर बसली.

बापाविषयी तो काही बोलला नाही.
बाईंनीही विचारलं नाही.
बराच वेळ कबुतरंच बोलत होती.
मग बाईंनी पिशवीतून पावतीपुस्तक काढलं
आणि कार्बन नीट घातला.

अठरा हजार सहाशे चाळीस,
सगळी दानपेटीतली चिल्लर.
दुपारपर्यंत मोजत होतो मी,
बोटं विभूतीनं पांढरी झाली.
स्वामींनी कानडीत सही केली, बाईंनी मराठीत,
कार्बननं दोन्ही सारख्याच निळ्या उतरवल्या.

परवा पत्र आलं.
‘चि.’ लिहून खोडलेलं, वर ‘श्री.’,
खाली हाताच्या सवयीनं पुन्हा
अनेक आशीर्वाद.
भाऊसाहेबांनी पेन उचललं, बाईंकडं बघितलं.
‘जमेला धरा,’ बाई म्हणाल्या,
‘रकमेचा रकाना रिकामा ठेवा.’

बल्ब अजून बदललेला नाही.
कोटेशन मागवलंय.
उशिराची खेप असली
की मी पुलावर सायकलवरून उतरतो,
हातानं ढकलत नेतो.
अंधारात दोन्हीकडचं गाव सारखंच दिसतं,
म्हणजे दिसत नाही.